मार्जरी वॉरन

मार्जरी विन्सम वॉरन (२८ ऑक्टोबर, १८९७:लंडन, इंग्लंड – ५ सप्टेंबर, १९६०:फ्रान्स) या ब्रिटिश वैद्य होत्या. वृद्धांच्या आजारांचा स्वतंत्रपणे विचार करणाऱ्या वृद्धवैद्यक या शाखेच्या त्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असून त्यांना आधुनिक वृद्धवैद्यकाची जननी मानले जाते. लंडनच्या पश्चिम भागातील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात १९३५पासून त्यांनी असाध्य समजल्या गेलेल्या शेकडो वृद्ध रुग्णांची एकेक करून तपासणी केली, त्यांचे वर्गीकरण केले आणि त्यांपैकी अनेकांना पुन्हा चालते-फिरते केले.

वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या आणि लघवीवर ताबा न राहिलेल्या वृद्धांबाबत आता काहीच करता येणार नाही, अशी त्या काळातील सर्वसाधारण समजूत होती. मूत्रअसंयम म्हणजे वार्धक्याचा अटळ शेवट, असे न मानता वॉरन यांनी त्यामागील कारणांचा विचार केला. वृद्धाला अंथरुणात ठेवणे हाच त्या दुरवस्थेकडे नेणारा मार्ग आहे आणि त्याला अंथरुणाबाहेर काढणे हा उपचाराचाच भाग आहे, हे त्यांच्या कामाचे सूत्र होते. शुश्रूषागृहे व वृद्धाश्रमांतील वृद्धांच्या काळजीविषयी आज जी तत्त्वे सर्वमान्य आहेत, त्यांतील अनेकांचे मूळ त्यांच्या कार्यात आढळते.

जन्म व शिक्षण

वॉरन यांचा जन्म लंडन येथे झाला. पाच बहिणींमध्ये त्या थोरल्या होत्या. त्यांचे वडील बॅरिस्टर होते. शालेय शिक्षण नॉर्थ लंडन कॉलेजिएट स्कूल या शाळेत झाले. मुलींना उच्च शिक्षणासाठी तयार करणारी ही शाळा फ्रान्सिस मेरी बस यांनी १८५० मध्ये स्थापन केली होती.

पुढे त्यांनी रॉयल फ्री हॉस्पिटलशी संलग्न असलेल्या महिलांच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश घेतला. लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या नावाने १८७४ मध्ये सुरू झालेल्या या विद्यालयाने ब्रिटनमधील स्त्रियांना वैद्यकाचे दार उघडून दिले. मुंबईच्या डॉ. रखमाबाई यांनीही १८८९ ते १८९४ या काळात याच विद्यालयात शिक्षण घेतले होते. वॉरन यांनी १९२३ मध्ये वैद्यकीय पात्रता मिळवली.

वैद्यकीय सेवेचा आरंभ

पात्रता मिळाल्यानंतर काही काळ कनिष्ठ पदांवर काम करून वॉरन १९२६ मध्ये आयझलवर्थ येथील रुग्णालयात रुजू झाल्या. हेच रुग्णालय पुढे वेस्ट मिडलसेक्स रुग्णालय म्हणून ओळखले जाऊ लागले. सुरुवातीला त्यांचा ओढा शल्यचिकित्सेकडे होता. १९३१ मध्ये त्या उपवैद्यकीय संचालक झाल्या. वृद्धांच्या आजारांकडे त्या ठरवून वळल्या नाहीत. रुग्णालयाच्या कारभारातील एका बदलामुळे ही जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि पुढील पंचवीस वर्षे तेच त्यांचे जीवितकार्य ठरले.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये १८३४च्या गरीब कायद्यानुसार निराधारांसाठी वर्कहाउस नावाची गरीबगृहे चालवली जात. काम करण्याची शक्ती असलेल्यांना तेथे काम करून राहावे लागे. म्हातारपण, पक्षाघात, संधिवात किंवा अंधत्व यांमुळे जे काम करू शकत नसत, ते गरीबगृहाला जोडलेल्या आजारी विभागात पडून राहत. या विभागांना इन्फर्मरी असे म्हटले जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी गरीबगृहांतील धडधाकट लोकांची संख्या कमी होत गेली आणि इन्फर्मरीतील वृद्ध व दीर्घकालीन आजाऱ्यांचे प्रमाण वाढत गेले.

वैद्यकीय शिक्षण देणारी मोठी रुग्णालये तीव्र आजाराच्या रुग्णांना प्राधान्य देत. ज्यांचा आजार लवकर बरा होण्यासारखा नसे, अशा वृद्धांची रवानगी इन्फर्मरीत होई. तेथे डॉक्टर व परिचारिका अपुऱ्या असत. अनेक रुग्णांचे निदान झालेले नसे आणि नोंदी त्रोटक असत. स्वच्छता राखणे व अन्न देणे एवढाच शुश्रूषेचा अर्थ उरला होता. एकदा खाट मिळाली की रुग्ण बहुधा मृत्यूपर्यंत त्याच खाटेवर राही.

१९२९च्या स्थानिक शासन कायद्यामुळे १९३०पासून या संस्था स्थानिक परिषदांच्या अखत्यारीत आल्या. वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाशेजारीच वॉर्कवर्थ हाउस ही गरीब कायद्याखालील जुनी संस्था होती. १९३५ मध्ये तिचा आजारी विभाग रुग्णालयाने ताब्यात घेतला आणि त्याची जबाबदारी वॉरन यांच्यावर सोपवण्यात आली.

वॉर्कवर्थ हाउसमधील काम

तपासणी

ताबा घेतला तेव्हा या विभागात ७१४ रुग्ण होते. वॉरन यांनी प्रत्येक रुग्णाची पद्धतशीर तपासणी सुरू केली. रुग्णाला नेमका कोणता आजार आहे, तो किती जुना आहे, रुग्ण उठून बसू शकतो का, चालू शकतो का, त्याचे मन ताळ्यावर आहे का, लघवी व शौचावर ताबा आहे का, घरी कोण आहे, या सर्व बाबी त्यांनी विचारात घेतल्या. सर्वसाधारण रुग्णालयात नव्याने दाखल झालेल्या कोणत्याही रुग्णाची जशी तपासणी होते, तशीच ती होती. मात्र या रुग्णांच्या बाबतीत ती आजवर झालेली नव्हती.

तपासणीतून अनेक रुग्णांचे अंथरुणात असणे आजारापेक्षा सवयीमुळे आहे, असे दिसून आले. काहींना उपचाराने सुधारणारे विकार होते. काहींना रुग्णालयाची गरजच नव्हती, तर केवळ निवाऱ्याची व थोड्या मदतीची गरज होती.

पाच गट

वॉरन यांनी रुग्णांचे पाच गट पाडले. पहिल्या गटात दिवसाचा काही भाग किंवा पूर्ण दिवस अंथरुणाबाहेर राहू शकणारे रुग्ण होते. दुसऱ्या गटात अंथरुणाला खिळलेले, पण मलमूत्रावर ताबा असलेले रुग्ण होते. तिसरा गट ताबा गेलेल्या रुग्णांचा होता. चौथ्या गटात वार्धक्यामुळे गोंधळलेले, पण इतरांना त्रास न देणारे रुग्ण होते. तर पाचव्या गटात स्मृतिभ्रंशामुळे इतरांपासून वेगळे ठेवावे लागणारे रुग्ण होते.

हे वर्गीकरण निदानावर नव्हे, तर रुग्णाच्या क्षमतेवर आधारलेले होते. पक्षाघात झालेले दोन रुग्ण एकाच निदानाचे असले, तरी एक खुर्चीत बसून जेवू शकतो आणि दुसऱ्याचे अंथरूण रोज अनेकदा ओले होते, हा फरक शुश्रूषेच्या दृष्टीने निर्णायक असतो. पूर्वी हे सर्व रुग्ण सरमिसळ ठेवले जात. त्यामुळे परिचारिकांचा बहुतेक वेळ चादरी बदलण्यात जाई आणि ज्यांना थोड्या मदतीने उभे करता आले असते, त्यांच्याकडे कोणी फिरकत नसे. गट पाडल्यामुळे कोणाला किती व कोणत्या स्वरूपाची मदत हवी, हे ठरवणे शक्य झाले.

मूत्रअसंयमाविषयीची दृष्टी

लघवीवर ताबा नसणे ही इन्फर्मरीतील सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी बोलली जाणारी समस्या होती. वॉरन यांनी तिचे स्थान घटनांच्या एका साखळीत दाखवून दिले. आजाराने किंवा पडल्यामुळे वृद्ध माणूस अंथरुणाला लागतो. आपण आता कधीच स्वतंत्रपणे वावरणार नाही, अशी त्याची खात्री होते आणि भोवतालची माणसेही तसेच गृहीत धरतात. हळूहळू तो निराश होतो, चिडचिडा किंवा उदासीन बनतो आणि स्वतःच्या शरीराकडे दुर्लक्ष करू लागतो. या टप्प्यावर ताबा सुटतो. ओल्या अंथरुणामुळे आणि एकाच स्थितीत पडून राहिल्यामुळे शय्याव्रण होतात. स्नायू वापराविना क्षीण होतात, सांधे आखडतात, पाय गुडघ्यात वाकलेले राहतात. शेवटी उरतो तो पूर्णपणे परावलंबी झालेला देह. अशा अवस्थेत माणूस कित्येक वर्षे जगू शकतो, हे त्यांनी विशेषत्वाने निदर्शनास आणले.

या मांडणीचा निष्कर्ष असा, की ताबा सुटणे ही साखळीतील एक कडी आहे. ती आरंभही नाही आणि शेवटही नाही. साखळी आधीच तोडता आली, तर पुढील हानी टळते. त्यामुळे उपचाराची सुरुवात मूत्राशयापासून न होता रुग्णाच्या मनापासून आणि पायांपासून होऊ लागली. रुग्णाला उठवणे, बसवणे, उभे करणे, स्वतः जेवू देणे, कपडे घालू देणे आणि शौचालयापर्यंत जाऊ देणे, या क्रमाने त्याचे स्वावलंबन परत मिळवण्याचा प्रयत्न केला जाई.

कक्षांची सुधारणा

वॉरन यांनी कक्षांच्या रचनेकडेही लक्ष दिले. मळकट रंगाच्या भिंतींना उजळ रंग देण्यात आला आणि प्रकाशयोजना सुधारण्यात आली. खाटांमध्ये अंतर राखणे, प्रत्येकाला स्वतःच्या वस्तू ठेवण्यासाठी कपाट असणे, बसण्यासाठी योग्य खुर्च्या, आधारासाठी कठडे, न घसरणारी जमीन आणि ऐकण्यासाठी रेडिओ या गोष्टींवर त्यांचा भर होता. या सुधारणा शोभेसाठी नव्हत्या. उठून बसल्यावर पाहण्या-ऐकण्यासारखे काही नसेल, तर रुग्णाला उठण्याची इच्छाच होत नाही. आणि हात धरायला आधार नसेल, तर शौचालय वीस पावलांवर असूनही ते त्याच्यासाठी नसल्यासारखेच असते.

संघटित उपचार

डॉक्टर, परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि रुग्णालयातील समाजसेविका यांनी एकत्रितपणे काम करावे, असा वॉरन यांचा आग्रह होता. पक्षाघाताच्या आणि पाय कापावा लागलेल्या वृद्ध रुग्णांच्या पुनर्वसनाकडे त्यांनी विशेष लक्ष दिले. रुग्णाइतकेच कर्मचाऱ्यांचेही मनोबल टिकले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. कोणीच बरे होत नाही अशी धारणा असलेल्या कक्षात काम करणाऱ्या परिचारिकेला रुग्ण चालताना दिसू लागले, की तिच्या कामाला अर्थ येतो आणि कक्षाचे वातावरण बदलते.

परिणाम

या उपाययोजनांमुळे बऱ्याच रुग्णांना घरी किंवा वृद्धांच्या निवासगृहांत पाठवता आले. दीर्घकालीन आजाऱ्यांसाठी लागणाऱ्या खाटांची संख्या ७१४ वरून सुमारे २४० वर आली आणि खाटांवरील रुग्णांची फिरती तिपटीने वाढली. रिकाम्या झालेल्या खाटा क्षयरोगाच्या रुग्णांसाठी देण्यात आल्या. वृद्धांवर वेळ व पैसा खर्च करणे व्यर्थ आहे, असे मानणाऱ्या प्रशासकांनाही या आकडेवारीची दखल घ्यावी लागली.

लेखन

वॉरन यांनी आपल्या अनुभवांवर आधारित सुमारे २७ लेख लिहिले. त्यांपैकी दोन विशेष महत्त्वाचे मानले जातात. डिसेंबर १९४३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी दीर्घकालीन आजाऱ्यांवर सर्वसाधारण रुग्णालयातील स्वतंत्र विभागात उपचार करावेत, अशी मांडणी केली. १९४६ मध्ये द लॅन्सेटमधील लेखात त्यांनी वृद्ध दीर्घकालीन आजाऱ्यांच्या काळजीचा सविस्तर विचार केला.

त्यांच्या युक्तिवादाचे चार मुद्दे होते. वृद्धांचे आजार हा वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमाचा भाग असावा. वृद्धांच्या अचूक निदानासाठी व उपचारांसाठी सर्वसाधारण रुग्णालयातील सर्व सुविधा उपलब्ध असाव्यात. शिकाऊ परिचारिकांना या रुग्णांच्या शुश्रूषेचा अनुभव मिळावा. वार्धक्यातील आजारांवरील संशोधनही सुसज्ज रुग्णालयातच होऊ शकते. वृद्धांना गावाबाहेरच्या वेगळ्या इमारतीत ठेवण्याच्या प्रथेला हा थेट विरोध होता.

वृद्धवैद्यकासाठीचा जेरियाट्रिक्स हा शब्द न्यू यॉर्कमधील डॉक्टर इग्नाट्झ नाशर यांनी १९०९ मध्ये रूढ केला होता. मात्र रुग्णालयातील एक कार्यरत विभाग म्हणून या शाखेला प्रत्यक्ष रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने वॉरन यांना दिले जाते.

संस्थात्मक कार्य

१९४७ मध्ये ट्रेव्हर हॉवेल यांच्या पुढाकाराने वृद्धांच्या काळजीसाठी डॉक्टरांची एक संस्था स्थापन झाली. लॉर्ड अ‍ॅम्युलरी हे तिचे पहिले अध्यक्ष होते. वॉरन या संस्थेच्या संस्थापक सदस्यांपैकी होत्या. १९५९ मध्ये तिचे नाव ब्रिटिश जेरियाट्रिक्स सोसायटी असे झाले. ५ जुलै, १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यावर वृद्धवैद्यकाचे तज्ज्ञ नेमले जाऊ लागले आणि ही शाखा शासकीय व्यवस्थेचा भाग बनली. वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयातील वॉरन यांचा विभाग पाहण्यासाठी देशविदेशांतून डॉक्टर येत असत.

मूत्रअसंयमावरील पुढील संशोधन

वॉरन यांच्या कामानंतर वृद्धांमधील मूत्रअसंयम हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय बनला. कॉर्नवॉलमधील थॉमस विल्सन यांनी वृद्ध रुग्णांच्या मूत्राशयाचा अभ्यास करून १९४८ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. जॉन ब्रॉकलहर्स्ट यांचे वृद्धांमधील असंयमावरील पुस्तक १९५१ मध्ये प्रकाशित झाले. रिचर्ड अ‍ॅशर यांनी १९४७ मध्ये विनाकारण अंथरुणात ठेवण्याच्या दुष्परिणामांवर लेख लिहून डॉक्टरांचे लक्ष वेधले. त्यात मूत्रमार्गावरील परिणामांचाही समावेश होता. १९६२ मध्ये परिचारिका डोरीन नॉर्टन, रोडा मॅकलारेन आणि डॉक्टर नॉर्मन एक्स्टन-स्मिथ यांनी शय्याव्रणाचा धोका ओळखण्यासाठी एक मापनपद्धती मांडली. शारीरिक अवस्था, मानसिक अवस्था, हालचाल, चालण्याची क्षमता आणि असंयम हे तिचे पाच निकष आहेत. पुढे बर्नार्ड आयझॅक्स यांनी निश्चलता, तोल जाणे, बुद्धीचा ऱ्हास आणि असंयम यांना वृद्धवैद्यकातील चार महाकाय समस्या असे संबोधले.

मूत्रअसंयमाचे सामान्यतः चार प्रकार मानले जातात. खोकताना, शिंकताना किंवा वजन उचलताना थोडी लघवी सुटणे हा पहिला प्रकार असून तो प्रसूती झालेल्या स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. लघवीची तीव्र घाई होऊन शौचालयापर्यंत पोहोचण्यापूर्वीच ती होणे हा दुसरा प्रकार होय. पुरुषांमध्ये प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे किंवा मज्जातंतूंच्या विकारामुळे मूत्राशय पूर्ण रिकामे न होता लघवी थेंबथेंब गळत राहणे हा तिसरा प्रकार आहे. मूत्राशय ठीक असूनही चालता न येणे, शौचालय दूर असणे, कपड्याची नाडी न सुटणे किंवा शौचालय कोठे आहे हे न आठवणे यांमुळे होणारा असंयम हा चौथा प्रकार. संस्थांमधील वृद्धांत अनेकदा एकापेक्षा अधिक प्रकार एकत्र आढळतात.

दूर करता येण्याजोगी कारणेही अनेक असतात. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठतेमुळे साचलेला कडक मळ, अनियंत्रित मधुमेह, लघवी वाढवणारी किंवा गुंगी आणणारी औषधे आणि आजारपणात अचानक उद्भवलेला मानसिक गोंधळ ही त्यांपैकी प्रमुख होत. म्हणूनच ताबा सुटल्याचे लक्षात येताच डायपर किंवा कॅथेटर लावण्यापूर्वी कारण शोधणे आवश्यक मानले जाते. दीर्घकाळ ठेवलेल्या कॅथेटरमुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

विविध देशांतील पाहणींनुसार शुश्रूषागृहांत राहणाऱ्या वृद्धांपैकी निम्म्याहून अधिक जणांना मूत्रअसंयमाचा त्रास असतो. अशा ठिकाणी दर दोन तासांनी रुग्णाकडे जाऊन लघवीला जायचे आहे का असे विचारणे, त्याला शौचालयापर्यंत नेणे आणि कोरडे राहिल्याबद्दल त्याचे कौतुक करणे, ही साधी पद्धत उपयुक्त ठरल्याचे आढळले आहे. सर्वच रुग्णांना तिचा लाभ होत नाही. मात्र काही दिवसांच्या प्रयोगातून कोणाला लाभ होतो हे कळू शकते. या पद्धतीला यंत्रसामग्री लागत नाही, परंतु पुरेसे मनुष्यबळ लागते. वॉरन यांच्या काळी जो अडसर होता, तोच आजही कायम आहे.

मृत्यू

१९६० मध्ये जर्मनीतील एका परिषदेसाठी जात असताना फ्रान्समध्ये वॉरन यांच्या मोटारीला अपघात झाला. त्यातच ५ सप्टेंबर, १९६० रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्या ६२ वर्षांच्या होत्या. लंडनमधील किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधील एका कक्षाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

मूल्यमापन

वॉरन यांनी कोणतेही नवे औषध किंवा शस्त्रक्रिया शोधून काढली नाही. तपासणी, वर्गीकरण, पुनर्वसन आणि संघटित शुश्रूषा ही त्यांची साधने होती. प्रत्येक वृद्धाला कायमस्वरूपी संस्थेत ठेवण्यापूर्वी त्याची पूर्ण वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे, हे आजच्या वृद्धवैद्यकातील मूलभूत तत्त्व त्यांच्या कामातून पुढे आले.

त्यांच्या कार्याला मर्यादाही होत्या. ताबा गेलेल्यांचा स्वतंत्र गट करण्यात शुश्रूषेची सोय होती, तरी अशा गटाला लागणारा कलंक टाळणे अवघड होते. स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांना वेगळे ठेवण्याची त्यांची भूमिका त्या काळाला धरून होती. मात्र आज अशा रुग्णांसाठी अधिक सामावून घेणारी व्यवस्था सुचवली जाते. रिकाम्या झालेल्या खाटांवरून यश मोजण्याच्या पद्धतीमुळे घरी गेलेल्या वृद्धांचे व त्यांची काळजी घेणाऱ्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न काहीसा मागे पडला. हे काम त्यांनी एकट्याने केले असेही नाही. एसेक्समधील ऑर्सेट येथे लायोनेल कोझिन यांनीही मांडीचे हाड मोडलेल्या वृद्धांना लवकर चालते करण्याचे प्रयोग केले होते.

भारतातील व महाराष्ट्रातील संदर्भ

इंग्लंडमधील इन्फर्मरीसारखी संस्था महाराष्ट्रातही जुनी आहे. पुण्यातील डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह १८६०च्या दशकात स्थापन झाले. निवारा या नावाने ओळखली जाणारी ही संस्था आजही निराधार वृद्धांना आश्रय देते. स्वतंत्र वैद्यकीय शाखा म्हणून वृद्धवैद्यकाची सुरुवात भारतात बरीच उशिरा, १९७८ मध्ये मद्रास येथील शासकीय रुग्णालयात झाली.

२०११च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक होती. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासाठीच्या २००७च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची तरतूद आहे. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या वृद्धांच्या आरोग्यसेवेसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी १० खाटांचा कक्ष अपेक्षित आहे.

तथापि भारतातील बहुसंख्य वृद्ध कोणत्याही संस्थेत नव्हे, तर घरीच राहतात. गोंदिया जिल्ह्यातील बोदलकसासारख्या ग्रामीण भागात घरातील माणसे, त्यातही बहुतेकदा स्त्रियाच, त्यांची शुश्रूषा करतात. शौचालय परसात असणे, रात्री अंधार असणे आणि उकिडवे बसता न येणे यांमुळे मूत्राशय ठीक असलेल्या वृद्धाचेही कपडे ओले होऊ शकतात. लाजेमुळे अनेक जण हा त्रास कोणाला सांगत नाहीत आणि लघवी होऊ नये म्हणून पाणी पिणे कमी करतात. त्याने बद्धकोष्ठता व जंतुसंसर्ग वाढून त्रास आणखी बळावतो. वयामुळे असे होणारच, या समजुतीने डॉक्टरांकडे जाणे टाळले जाते. हीच समजूत वॉरन यांनी १९३५ मध्ये वॉर्कवर्थ हाउसच्या कक्षांत खोटी ठरवली होती. खाटेजवळ कमोडची खुर्ची, रात्री दिवा, भिंतीला धरण्यासाठी कठडा, सहज सुटणारे कपडे आणि ठरावीक वेळी लघवीला नेणे, हे त्यांच्या कार्याशी नाते सांगणारे उपाय घरातही करता येतात.